पोच

शाळेच्या मागच्या खोलीत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांपाशी
सिमेंटच्या ओट्यावर एक करडी पेटी आहे.
तिची एक खुंटी काळ्या मातीतून
खालच्या मुरमापर्यंत गेली आहे.
ती ऐकते.

आमच्या गावाखाली कधीमधी गुडगुडतं.
कुणी म्हणतं, खालून ट्रक गेला,
कुणी म्हणतं, जात्यात खडा आला.

पेटी बसवायला परभणीहून फरहीन आली होती,
पाठीवर लॅपटॉप, ओढणीला गाठ मारून तीत स्क्रू.
तिनं मला एवढंच शिकवलं:
मॅडम, पाठवणं वेगळं आणि पोचणं वेगळं.
पेटी आधी आपल्या वहीत लिहिते,
मग आकडा घालून केंद्राला धाडते,
आणि केंद्राची पोच आल्याशिवाय
वहीतली ओळ खोडत नाही.
नाहीच आली तर पुन्हा:
दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, मग सोळा,
आतले झोपलेत हे ओळखून
दार वाजवणाऱ्यानं थांबत थांबत वाजवावं, तसं.

पहिल्या चैत्रात हळद शिजली, वाळली,
आणि गंगाप्पाच्या खळ्यावर पॉलिशचा ड्रम फिरू लागला.
पेटीनं एका दिवसात एकशे बारा धक्के कळवले.
फरहीन फोनवर पोट धरून हसली,
मग महिनाभर पेटीला ओळखी करून देत बसली:
हा ड्रम. हा ट्रॅक्टर.
ही मधल्या सुट्टीत सुटलेली चौथीची पोरं.
हे इथंच जिरव, सगळंच वर सांगायचं नसतं.
(माहेरी फोन लावताना
मी हे कधीपासून करत आले आहे.)

आश्विनात लाईट गेली, टॉवरचं डिझेल संपलं.
तीन दिवस गावातून बाहेर शब्द नाही.
दुसऱ्या रात्री, दोन वाजून तेरा मिनिटांनी,
जमीन बोलली.

अख्खं गाव बाजारतळावर, लेकरं गोधडीसकट.
शाळेचा परिचर सटवाजी बॅटरी घेऊन माझ्यापुढं:
"काय मनायलंय बाई तुमचं डब्बं?"

डब्ब्यानं केंद्राला विचारलं नव्हतं,
विचारायला वाटच नव्हती.
पहिल्या हलक्या थरथरीलाच त्यानं
आपल्या जिवावर शाळेची घंटा वाजवली होती.
केंद्राच्या पडद्यावर त्या वेळी
आमच्या गावाच्या जागी राखाडी ठिपका.
राखाडी म्हणजे शांत नव्हे,
राखाडी म्हणजे माहीत नाही.
तिथल्या रात्रपाळीवाल्याला
हा फरक कळला असेल का,
मी उजाडेपर्यंत त्यातच होते.

चौथ्या दिवशी टॉवर आला.
पेटी घाईवर आली नाही. जुनं आधी, मग नवं,
प्रत्येकावर ज्याची त्याची वेळ.
पोचलं दुपारी बारा चाळीसला,
पण दप्तरी घडलं ते दोन तेरालाच.
चार हजार चारशे सतरा हा आकडा दोनदा गेला,
पहिल्याची पोच वाटेत हरवली म्हणून.
केंद्रानं आकडा पाहून एकच धक्का धरला.
आपण दुःख दोनदा सांगितलं
की ऐकणारा दोन धरतो.

हे मी सटवाजीला सांगत होते, तो पोती मोजत होता.
त्याची लेक भोसरीला. रोज रात्री नऊला तिची एक रिंग,
याची उलट एक रिंग. बोलणं फुकट झालं
तरी दोघांची सवय गेली नाही.

"मग त्या तीन दिवसांत?"
"लावायचो की. लागायचा नाई.
मग धा मिन्टानं. मग निजायच्या वक्ताला."
"आणि ती?"
त्यानं पैरणीला हात पुसून फोन पुढं केला.
टॉवर आल्यावर एकदम पडलेले मेसेज,
एका नंबराचे, सत्तावीस.
एकही पुसलेला नाही.

मग फोन खिशात घालत म्हणाला,
"एक पोतं कमी भरायलंय, बाई.
हे कुनाला कळवायचं?"